एकवीस हजारांच्या आत

महिन्याला १,७५० रुपये. घरात खाणारी तोंडं कितीही असोत, साऱ्यांची मिळून कमाई एवढ्यात बसली पाहिजे. वर्षाचे झाले २१,००० रुपये. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसलेल्या विधवेला, नवऱ्यानं टाकलेल्या बाईला किंवा पासष्टी ओलांडलेल्या म्हाताऱ्याला संजय गांधी निराधार अनुदान किंवा श्रावणबाळ योजनेचं पेन्शन हवं असेल, तर महाराष्ट्रात ही मर्यादा आहे. आता सरकारचाच दुसरा एक आकडा तिच्याशेजारी ठेवून बघा. २०२५-२६ साली राज्यात रोजगार हमीच्या कामावरची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती आणि शंभर दिवसांच्या कामाची कायद्यानं हमी होती. त्या कामावर गेलेल्या बाईचे सदुसष्ट दिवसांचे २०,९०४ रुपये होतात. अडुसष्टाव्या दिवशी ती मर्यादेबाहेर जाते. शंभर दिवस भरले तर ३१,२०० रुपये होतात, म्हणजे निराधारपण केव्हाच संपलेलं असतं.

हा हिशेब मी आधी मांडला, कारण वशिल्याबद्दल बोलताना आपण माणसांच्या स्वभावापासून सुरुवात करतो. कार्यकर्ता लबाड, कारकून खाऊ, लोक लाचार. मला ते पटत नाही. वशिला उगवतो तो या आकड्यात.

मी महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. नोकरीचा मोठा काळ कोकणातल्या निरनिराळ्या तालुक्यांत संगायो शाखेच्या टेबलावर गेला. संगायो म्हणजे संजय गांधी योजना, कचेरीत पूर्ण नाव कुणी घेत नाही. आता महाड तालुक्यातल्या वीरला राहते. कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा टप्पा १९९३ साली सुरू झाला, तेव्हापासून बाहेरच्यांना वीर हे महाडला जाण्यासाठी उतरायचं स्टेशन म्हणून ठाऊक आहे. संध्याकाळी ओटीवर बसले की कुणीतरी पिशवी घेऊन येतं. पिशवीत रेशनकार्ड, आधार, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, पासबुक, सगळं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं. आपल्याला हे मिळू शकतं का, असं सहसा कुणी विचारत नाही. विचारतात ते असं : “काकू, पत्र कुनाचं आनू?”

पत्र म्हणजे शिफारसपत्र. हा अडाण्याचा प्रश्न नव्हे. आजूबाजूला चार जणींचं कसं झालं हे पाहूनच ती बाई विचारत असते.

माझ्या टेबलावर येणारे उत्पन्नाचे दाखले १८,०००, १९,५००, २०,००० असेच असत. त्या घरांतली माणसं जगत कशी होती, हे मला ठाऊक होतं. भातलावणीला आणि कापणीला रोजावर जाणं, वालाचं थोडं पीक, दोन शेळ्या, मुंबईहून मुलानं धाडलेले पैसे. गरिबी खरी होती, आकडा मात्र खरा असणं शक्यच नव्हतं. तलाठ्यालाही ते कळत होतं. (आता त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात तो तलाठीच आहे.) तलाठ्यानं खरं लिहायचं ठरवलं तर गावातल्या एकाही विधवेला पैसे मिळणार नाहीत. खोटं लिहिलं तर उद्या चौकशीत त्याचीच मान अडकेल. म्हणून तो थांबतो. ‘बघू’ म्हणतो. अशा वेळी कुणी वजनदार माणूस येऊन सांगतो, “भाऊसाहेब, बाई आपली आहे, लिहा. काही झालं तर मी आहे.” तलाठ्याला हवा असतो तो हा आधार. दाखला मिळतो. बाईच्या लेखी तो त्या माणसानं दिलेला असतो, आणि तिचं चुकतंय असं मला म्हणता येत नाही.

पण असा मिळालेला दाखला कायम सैल राहतो. ज्या आकड्यावर अनुदान उभं आहे तो कुणीही कधीही उकरून काढू शकतं. एका गावातली विधवा मला आठवते. ग्रामसभेत तिनं नळाच्या पाइपाबद्दल सरळ प्रश्न विचारला : काम पूर्ण दाखवलं, मग आमच्या वाडीत पाणी का नाही? काही आठवड्यांतच तिच्याविरुद्ध बिननावाचा अर्ज आला. मुलगा कळंबोलीला रिक्षा चालवतो, उत्पन्न लपवलं आहे, चौकशी व्हावी. अर्जातलं प्रत्येक वाक्य खरं होतं. तशीच वाक्यं त्या गावातल्या निम्म्या लाभार्थ्यांबद्दल लिहिता आली असती, पण लिहिली गेली एकटीबद्दल. पुढच्या ग्रामसभेला ती आली आणि गप्प बसली. वशिल्याचा बोजा कुठे पडतो असं मला कुणी विचारलं की मी ही ग्रामसभा सांगते. दोन-पाचशे रुपये कुणी घेतले असतील तर तेही वाईटच, पण ते एकदा जातात. तोंड बंद होतं ते वर्षानुवर्षं.

आता पत्र नेमकं काय करतं ते सांगते, कारण बाहेरच्यांची समजूत अशी की पत्रानं अपात्र माणूस पात्र होतो. तसंही होतं, पण क्वचित. निराधाराची फाईल (आम्ही तिला ‘प्रकरण’ म्हणतो) सेवा केंद्रातून कचेरीत येते. छाननी होते. कागद कमी असला तर ‘त्रुटी’ निघते. पूर्ण असलेली प्रकरणं समितीच्या बैठकीपुढे जातात, मंजूर होतात, इतिवृत्तावर सह्या होतात आणि मग नाव पैशांच्या यादीत चढतं. यातल्या कुठल्याच पायरीवर कुणी मुद्दाम अडवावं लागत नाही. प्रकरण नुसतं पडून राहिलं तरी पुरतं. त्रुटी निघाली हे अर्जदाराला कळवणारं पत्र पाठवायचं असतं, ते वेळेवर गेलं नाही तर पोलादपूरच्या वरच्या अंगाला, कुडपणसारख्या गावात बसलेल्या आजीला आपली फाईल का थांबली हे कळणार कसं? ज्याचा माणूस कचेरीत येतो-जातो त्याला त्याच दिवशी कळतं : “रहिवासी दाखल्याची झेरॉक्स नाही, उद्या आणा.” शिफारसपत्र नकाराचा होकार करत नाही. कधीतरी होणारं काम ते या महिन्यात करून घेतं. एकाहत्तर वर्षांच्या माणसाला यापेक्षा मोठं काय देता येईल? पैसे मंजुरीनंतरच सुरू होतात. वाट पाहण्यात गेलेल्या महिन्यांचे दीड-दीड हजार बुडालेलेच असतात.

आणि ते पत्र आणणारा कार्यकर्ता? त्याच्याबद्दल मला आदर आहे, हे मी आडपडदा न ठेवता लिहिते. म्हातारीला मोटारसायकलवर मागे बसवून तो महाडला नेतो, नाहीतर मिनीडोअर रिक्षाचे पैसे स्वतः भरतो, डॉक्टरच्या सहीसाठी रांगेत उभा राहतो. सरकारच्या सगळ्या आस्थापनेत असं काम नेमून दिलेला एकही माणूस नाही. गरजूला दारापासून टेबलापर्यंत आणणारं पद शासनानं निर्माणच केलं नाही आणि ते काम निवडणुकीच्या हिशेबावर सोडून दिलं. मग त्यानं हिशेब ठेवला तर दोष एकट्या त्याचा कसा? जेनिफर बसेल या अमेरिकन अभ्यासक बाईंनी भारतातल्या लोकप्रतिनिधींच्या दिवसभराच्या भेटीगाठींचा अभ्यास करून २०१९ साली पुस्तक लिहिलं. आमदाराच्या पातळीवर येणाऱ्या वैयक्तिक कामांत पक्ष फारसा पाहिला जात नाही, आणि वर येतात ते बहुतेक खाली गावात दार बंद झालेले लोक, असं त्या दाखवतात. माझा अनुभव याला जुळतो. आमदारांच्या कार्यालयातून फोन आलेली प्रकरणं बरेचदा त्या माणसांची असत ज्यांचं गावच्या पुढाऱ्याशी पटत नव्हतं. वरचा दरवाजा उघडा असतो. पण तिथवर जायला एक दिवसाची मजुरी, गाडीभाडं आणि धीटपणा लागतो, आणि ते सर्वांत गरीब घरात नसतं.

या योजनेचं आमच्या जिल्ह्याशी जवळचं नातं आहे. संजय गांधी निराधार योजना १९८० साली आली तेव्हा मुख्यमंत्री होते बॅरिस्टर ए. आर. अंतुले, सावित्रीकाठच्या आंबेतचे. याच नदीवर वरच्या अंगाला महाड आहे. पुढच्याच वर्षी, १९८१ साली, त्यांच्याच कारकिर्दीत कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं. ज्यांना कुणी नाही त्यांना दरमहा सरकारनं पैसे द्यावेत हा विचार त्या काळात मोठा होता आणि मला तो आजही मोठाच वाटतो. दोष राहिला तो रचनेत. कोण निराधार हे ठरवायला तालुक्याला समिती नेमली. तिचा अध्यक्ष अशासकीय. महिला, मागासवर्गीय, सामाजिक कार्यकर्ते अशा गटांतले सदस्यही अशासकीय. नेमणूक करणार पालकमंत्री, आणि तहसीलदार सचिव. हेतू चांगला होता : गावाची माहिती असलेल्या माणसांनी ठरवावं. घडलं असं की तालुक्यातल्या ज्या कार्यकर्त्याला पंचायत समितीचं किंवा जिल्हा परिषदेचं तिकीट देता आलं नाही, त्याला सन्मानानं बसवण्याची ती जागा झाली. सरकार बदललं की जुनी समिती जाते. नवी येईपर्यंत प्रकरणं साठतात. मग नवी समिती एका बैठकीत ढीगभर प्रकरणं मंजूर करते, मंजुरीपत्रांचा कार्यक्रम होतो, व्यासपीठ, हार, फोटो. आजीच्या हातात कागद देताना फोटोत जो उभा असतो तो तिच्या मनात कायमचा बसतो.

पालकमंत्रिपदासाठी इतकी ओढाताण का होते, हे महाडकरांनी अगदी जवळून पाहिलं आहे. १८ जानेवारी २०२५ रोजी पालकमंत्र्यांची यादी जाहीर झाली. रायगडसाठी आदिती तटकरे यांचं नाव होतं. महाडचे आमदार आणि मंत्री भरत गोगावले यांचे समर्थक महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गावर उतरले, टायर पेटले, आणि दुसऱ्याच दिवशी त्या नेमणुकीला स्थगिती मिळाली. तेव्हा तटकरे यांच्याकडे महिला व बालविकास खातं होतं, गोगावले यांच्याकडे रोजगार हमी. कोण बरोबर, कोण चूक, हा माझा विषय नाही. जिल्हा नियोजनाचा निधी आणि तालुक्या-तालुक्यातल्या अशा नेमणुका ज्या खुर्चीतून होतात, तिच्यासाठी महामार्ग अडतो, एवढं वाचकांनी ध्यानात घ्यावं. वीरच्या ओटीवर पिशवी घेऊन आलेली बाई त्या खुर्चीच्या सगळ्यात खालच्या पायरीशी उभी असते.

ही सवय जुनी आहे. कोकणात खोती होती. सारा गोळा करणारा खोत सरकार आणि कूळ यांच्यामध्ये उभा होता. जमीन कसायची, घर शाकारायचं, लग्न काढायचं, सगळं त्याच्या मर्जीनं. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, आणि १९४९ च्या कायद्यानं ती गेली. कायद्यातून गेली, पण मधल्या माणसाकडे बघायची नजर इतक्या लवकर जात नाही. माझ्या वडिलांच्या पिढीतली माणसं कचेरीत शिरताना चपला बाहेर काढत.

आणि ती नजर मोडल्याचं सगळ्यात मोठं उदाहरणही इथलंच आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली झाला. महाडच्या नगरपालिकेनं त्याला धरून १९२४ साली चवदार तळं खुलं केलं. कागदावर हक्क पूर्ण झाला होता. तीन वर्षं एकाही अस्पृश्याला त्या तळ्याचं पाणी पिता आलं नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागून हजारो माणसं तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली. त्यानंतर मारहाण झाली, दावे झाले, आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं. त्या माणसांनी कुणा भल्या सवर्णाचं पत्र नेलं नव्हतं. सुरबानाना टिपणीसांसारखे मित्र बरोबर होते, पण ते बरोबर होते, मध्ये नव्हते. दरवर्षी २० मार्चला महाडला लोटणारी गर्दी पाहताना मला कचेरीतली प्रकरणं आठवतात. १९२४ चा ठराव आणि २१,००० रुपयांचा नियम यांत मला साम्य दिसतं. दोन्हीत हक्क लिहिलेला आहे, आणि तो हाती येण्यासाठी लागणारी वाट लिहिलेली नाही.

महाड-पोलादपूरची एक खास अडचण आहे ती मुंबईची. वरच्या गावांत घरटी माणूस मुंबईला. गावात उरतात म्हातारी माणसं. मुलगा दिव्याला किंवा नालासोपाऱ्याला दहा बाय बाराच्या खोलीत, बायको-मुलांसह. आईला कधी हजार धाडतो, कधी चार महिने काहीच नाही. कागदावर मात्र तो कमावता मुलगा. पूर्वीच्या नियमात तर मुलगा पंचवीस वर्षांचा झाला की विधवेचं अनुदान थांबायचं, जणू पंचविसाव्या वाढदिवसाला प्रत्येकाला कायमची नोकरी लागते. त्यामुळे पहिलं काम रेशनकार्ड वेगळं करण्याचं. मुलाचं नाव कमी करून घ्यायचं, मग म्हातारी एकटी दिसते. हे कार्ड फोडण्याचं काम इतकं किचकट आहे की त्यासाठी पुन्हा माणूस लागतो. तो माणूस कधी गावातला पुढारी, कधी गावच्या मुंबईतल्या मंडळाचा सेक्रेटरी. मंडळाची सभा परळला किंवा भांडुपला होते आणि गावातल्या कुठल्या म्हातारीचं काम आधी करायचं हे तिथं ठरतं. ज्या घराची वर्गणी थकली त्या घराचं नाव त्या यादीत वर येत नाही. सरकारच्या कुठल्याही नियमात नसलेली ही अट मी अनेक गावांत पाहिली.

मुंबईनं एक चांगलंही केलं. गिरणीत, घरकामात, कंपनीत राहून आलेल्या बायका कचेरीत वेगळ्या बोलतात. “नाही म्हणता, तर तसं लिहून द्या,” हे वाक्य मी प्रथम अशाच एका बाईकडून ऐकलं. गॅब्रिएल क्रुक्स-विस्नर यांनी राजस्थानच्या खेड्यांत केलेला अभ्यास हेच सांगतो : गावाच्या आणि जातीच्या वेशीबाहेर ज्यांचा वावर झाला, ते सरकारकडे जास्त वेळा आणि जास्त वाटांनी मागणं मांडतात.

कातकरी वाड्यांवर परिस्थिती सर्वांत कठीण. रायगडात कातकरी मोठ्या संख्येनं आहेत. सरकारनं त्यांना विशेष असुरक्षित आदिवासी गटांत धरलं आहे, आणि अंत्योदयाचं दरमहा पस्तीस किलो धान्य अशा कुटुंबांसाठीच आहे. पण दिवाळीनंतर वाडी रिकामी होते. वीटभट्टीच्या किंवा कोळशाच्या कामासाठी मुकादम आगाऊ उचल देतो आणि कुटुंबं उन्हाळाभर परजिल्ह्यात असतात. चौकशीला माणूस येतो तेव्हा घरी कुणी नसतं. रेशनकार्ड उसनवारीपोटी मालकाकडे किंवा दुकानदाराकडे ठेवलेलं असायचं, हे या भागात काम करणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. इथं मालक, सावकार आणि शिफारस करणारा अनेकदा एकच. रायगडात सर्वहारा जन आंदोलनानं १९९० पासून कातकऱ्यांमध्ये जे काम केलं, त्याचं मोल मला यासाठी वाटतं की त्यांनी माणसांना स्वतः मोर्चानं कचेरीत यायला शिकवलं. सगळे एकत्र आले की कोण कुणाचा माणूस हा प्रश्न उरत नाही.

आता सगळं ऑनलाइन झालं, पैसे थेट खात्यात येतात, मग मधला माणूस गेला असेल असं शहरातल्या वाचकांना वाटेल. पैसे वाटताना हात मारण्याची सोय खरंच कमी झाली, ती मोठी गोष्ट आहे. मात्र मधला माणूस जागा बदलून बसला. अर्जात मोबाइल नंबर लागतो. आजीकडे मोबाइल नाही, म्हणून फॉर्म भरणारा आपलाच नंबर टाकतो. त्या दिवसापासून तिचा प्रत्येक ओटीपी त्याच्याकडे जातो. ई-केवायसी, आधार जोडणी, दरवर्षीचा हयातीचा दाखला, सगळ्यासाठी तिला त्याच्याकडेच जावं लागतं. त्यात भाताच्या कामानं आणि वयानं झिजलेली बोटं यंत्रावर उठत नाहीत. ओटीवर आलेल्या कागदांत मी सर्वांत आधी तो नंबर पाहते. तो घरातल्या कुणाचा नसेल तर नात-नातू, शेजारीण, कुणाचाही घालून आधी बदलून आणायला सांगते. बाकीचं नंतर.

वशिला कमी कुठे लागला, हेही पाहिलं पाहिजे. महाराष्ट्राची रोजगार हमी १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिली आणि तिचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. त्यात उत्पन्नाचा दाखला मागितलाच नाही. उन्हात खडी फोडायला जो येतो तो गरजू, एवढी एकच कसोटी. काम किती काढायचं, कुठं काढायचं यात राजकारण शिरलं, हजेरीपटात खोटी नावं आली. पण ‘तू गरीब आहेस हे सिद्ध कर’ असं त्या बाईला कुणी म्हटलं नाही.

दुसरं उदाहरण लाडकी बहीण योजनेचं. जून २०२४ च्या अर्थसंकल्पात ती जाहीर झाली. एकवीस ते पासष्ट वयाच्या स्त्रीला महिन्याला १,५०० रुपये, कुटुंबाची मर्यादा अडीच लाख, आणि पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाच्या दाखल्याची गरज नाही. दोन कोटींहून जास्त बायकांना पैसे गेले. गावात अंगणवाडी सेविकेनं फॉर्म भरले, हमीपत्रावर सही झाली, आणि कुणाच्याही पत्रासाठी कुणी माझ्याकडे आलं नाही. ते दोन महिने मी विसरणार नाही. दार रुंद केलं की दारात उभा राहणारा निरुपयोगी होतो, हे डोळ्यांनी दिसलं. उपकाराची भावना गावातून उठून थेट वर गेली, फलकावरच्या चेहऱ्यांना चिकटली. नोव्हेंबरमध्ये विधानसभेची निवडणूक होती. पुढे छाननी आणि ई-केवायसी आली तेव्हा त्याच बायका पुन्हा घाबरल्या. तरीही एका गोष्टीचं उत्तर मला कुणी देत नाही. तेवढेच १,५०० रुपये, एकाच गावात शेजारीशेजारी दोघी. नवरा हयात असलेलीला अडीच लाखांची मर्यादा, आणि पासष्ट वर्षांवरच्या विधवेला २१,००० ची. हा फरक कुठल्या न्यायानं?

मेक्सिकोनं या दुखण्यावर १९९७ साली एक इलाज केला, त्याबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही. तिथं आधीच्या सरकारची ‘प्रोनासोल’ नावाची गरिबांसाठीची मोठी योजना होती आणि सत्तारूढ पक्षाला मतं मिळवण्यासाठी ती वापरली जाते असा बोलबाला झाला होता. नवी ‘प्रोग्रेसा’ योजना आणताना कुटुंबांची निवड जनगणनेच्या माहितीवरून आणि घरोघरच्या पाहणीतून ठरवलेल्या सूत्रानं केली, पैसे घरातल्या बाईच्या हाती दिले, आणि ही योजना कुठल्याही पक्षाची नाही, हे लाभार्थ्यांना सरकारी कागदांतून स्पष्ट कळवलं. पुढे सरकारं बदलली, योजनेची नावं बदलली, तरी ती बरीच वर्षं टिकली.

माझं मागणं त्या मानानं साधं आहे. मर्यादा निदान रोजगार हमीच्या शंभर दिवसांच्या मजुरीच्या वर न्यावी आणि मजुरी वाढेल तशी ती वाढावी, म्हणजे तलाठ्याला खरा आकडा लिहिता येईल आणि खऱ्या आकड्याविरुद्ध बिननावाचा अर्ज चालणार नाही. समिती ठेवायची तर ठेवा, पण ठरलेल्या दिवसांत बैठक झाली नाही तर तहसीलदारानं निर्णय द्यावा. त्रुटी अर्जदाराच्याच मोबाइलवर कळावी आणि तो नंबर घरचा असल्याची खात्री अर्ज घेतानाच व्हावी.

तोवर जे आजच करता येतं ते मी ओटीवर येणाऱ्यांना सांगते. अर्ज दिला की पोच घ्या, शिक्क्याची, तारखेची. उत्पन्नाचा दाखला लोकसेवा हक्क कायद्यात येतो. २०१५ पासून त्याला मुदत आहे आणि मुदत टळली तर अपील आहे, ते करा. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकाऱ्यांकडे लोकशाही दिन असतो. एकट्यानं जाऊ नका, वाडीतल्या चौघी मिळून जा. आणि १ मेच्या ग्रामसभेत पेन्शनची यादी वाचायला लावा. तेव्हा मुंबईकर गावी असतात, घरं भरलेली असतात. यादीतली मेलेली माणसं कोण, सुटलेल्या विधवा कोण, हे सगळ्या गावाला माहीत असतं. नावं मोठ्यानं वाचली गेली की ठरवण्याचं काम एका माणसाच्या हातात राहत नाही. पोलादपूरकडच्या एका गावात गेल्या मे महिन्यात असं वाचन झालं. यादी वाचायला वीस मिनिटं लागली, आणि सुटलेल्यांची नावं लिहून घ्यायला दुपार झाली.